मतदार यादीतलं नाव आणि पुढची पाच वर्षं

प्रश्न असा आहे: 'वय एकतीस. पहिल्या तीन निवडणुकांत उत्साहानं मत दिलं, गेल्या दोन वेळा गेलोच नाही. कुणीही निवडून आलं तरी रस्ता तोच आणि पाणी तेवढंच. माझ्या एका मतानं काय फरक पडतो? आणि खरंच काही बदलायचं असेल, तर नोकरी-संसार सांभाळून एकट्या माणसानं नेमकं करायचं काय?'

मी शिक्षक होतो. बावीस वर्षं निवडणुकीची ड्युटी केली. सुरुवातीला मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष, मधली काही वर्षं मतदार नोंदणीसाठी घरोघर फिरणारा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. निवृत्तीनंतर आमच्या प्रभागात रस्ता, गटार, पाणी या कामांचा पाठपुरावा करतो. त्या अनुभवातून उत्तर देतो, आणि ते थोडं लांबणार आहे.

आधी एका मताचं. एका मतानं निकाल फिरल्याची उदाहरणं आहेत. २००४ साली कर्नाटकात संथेमारहळ्ळीत आणि २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्यात आमदारकी एका मतानं गेली. नाथद्वाऱ्यात हरलेले सी. पी. जोशी त्या वेळी त्यांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांची मतं अगदी समान निघाली आणि चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये लाखो मतं मोजून फरक निघाला ४८ मतांचा. पण या उदाहरणांवर मी तुम्हाला मतदानाला नेणार नाही. तुमच्या आयुष्यात तुमच्याच मतानं निकाल लागेल असा योग बहुधा येणार नाही, हे तुम्हालाही कळतं.

खरं कारण वेगळं आहे आणि ते मला केंद्राध्यक्ष झाल्यावर कळलं. मत गुप्त असतं, मतदान गुप्त नसतं. तुम्ही कोणतं बटण दाबलं ते कुणालाच कळत नाही, पण कोणत्या केंद्रावर किती जणांनी मत दिलं आणि तिथे कुणाला किती पडली, हा केंद्रनिहाय हिशेब निकालानंतर जाहीर होतो. तो कागद प्रत्येक उमेदवाराच्या कार्यालयात असतो. कोणती वस्ती मतदानाला उतरते, कोणती सोसायटी सुट्टी समजून बाहेरगावी जाते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. जिथे शंभरातले पस्तीसच बाहेर पडतात, त्या भागाचं पाणी यादीत शेवटी जातं. त्यात कुणाचा राग नसतो, तो हिशेब असतो. तुम्ही गेल्या दोन वेळा गेला नाहीत, तेव्हा तुमचं एक मत तर कमी झालंच, शिवाय तुमच्या गल्लीचा आकडाही खाली आला. निषेध म्हणून घरी बसलेला माणूस आणि आळसानं घरी बसलेला माणूस त्या कागदावर सारखेच दिसतात.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे: यादीतलं नाव. मतदानाच्या दिवशी दुपारी केंद्राबाहेर हमखास एक दृश्य दिसतं. माणूस हातात ओळखपत्र घेऊन उभा असतो आणि यादीत त्याचं नाव नसतं. तो चिडतो, कधी रडवेला होतो आणि कारस्थानाचा आरोप करतो. मी केंद्राध्यक्ष म्हणून त्या क्षणी काहीही करू शकत नाही. ओळखपत्र म्हणजे मताचा हक्क नव्हे, यादीत नाव हवं. ती यादी मात्र महिनोन्‌महिने दुरुस्तीसाठी खुली असते, प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात. बीएलओ असताना मी अशा मोहिमांत शनिवार-रविवार शाळेच्या वर्गात टेबल टाकून बसलेलो आहे. दिवसभरात आठ-दहा माणसं यायची. मतदानादिवशी आरडाओरडा करणाऱ्यांपैकी एकही चेहरा मला तिथे आठवत नाही.

यादीचं महत्त्व या देशाला पहिल्याच निवडणुकीत कळलं होतं. १९५१-५२ साली सतरा कोटींच्या वर मतदार नोंदवले गेले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन या बाबतीत ठाम राहिले. मतदार म्हणजे स्वतःचं नाव असलेली व्यक्ती. हे ऐकायला कठोर वाटतं, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातल्या बहुतेक जणी स्वतःच्या नावानं यादीत आल्या.

तेव्हा पहिलं काम घरात बसून होतं. नवीन नोंदणीसाठी नमुना ६. पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. नाव वगळण्यासाठी नमुना ७. आता अठरा पूर्ण झाल्याची तारीख वर्षातून चार वेळा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पूर्वीसारखं पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही. नमुना ७ कडे मात्र कुणी बघत नाही. घरातलं माणूस गेलं की आपण बँक, रेशन कार्ड, वीजबिल सगळीकडे नाव बदलतो, मतदार यादीत ते तसंच राहतं. दहा वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या नावापुढे कुणी तरी येऊन मत देऊन जाण्याचा धोका आपणच उघडा ठेवतो. जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर नाव ठेवणं तर सरळ कायद्याविरुद्ध आहे. बोगस मतदानावर तावातावानं बोलणाऱ्या कुटुंबांत मी दिवंगत आजोबांचं नाव यादीत पाहिलंय, तेव्हा हे ओघानं सांगतोय.

समजा तुम्ही केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलंय. परत फिरू नका. तुमची ओळख पटली तर केंद्राध्यक्षानं तुम्हाला 'प्रदत्त मत' द्यायचं असतं. ते कागदी मतपत्रिकेवर होतं आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवलं जातं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निवडणूक न्यायालयात गेली तर तोच पुरावा असतो. माझ्या एका केंद्रावर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ हात जोडून परत निघाले होते, 'जाऊ द्या, झालं माझं मत' म्हणत. त्यांना बसवून मी ती मतपत्रिका दिली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. त्या दिवशी मला वाटलं, ही तरतूद शाळेतच शिकवायला हवी.

कुणीच पसंत नसेल तर? सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१३ मध्ये 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजे नोटा हे बटण आणलं. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतो. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता आणि निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही. स्थानिक निवडणुकांत मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ साली आदेश काढला की, नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यायची. माझं मत विचाराल तर घरी बसण्यापेक्षा नोटा शंभर पटींनी बरा, कारण तो मोजला जातो. पण त्याआधी उमेदवारांची शपथपत्रं उघडून बघा. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं त्यात असतं. अर्धा तास लागतो. 'सगळे सारखेच' हे वाक्य ती सगळी शपथपत्रं वाचून म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या रस्त्याकडे आणि पाण्याकडे येऊ. तुम्ही ज्या दोन निवडणुका चुकवल्यात त्यातली एक तरी लोकसभेची असणार. खासदार तुमच्या गल्लीतलं गटार बांधत नाही. ते काम महापालिकेचं, नगरपरिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं. आपण मोठ्या निवडणुकीवर पाच वर्षं वाद घालतो आणि ज्या निवडणुकीत आपल्या दारातलं ठरतं तिच्याकडे पाठ फिरवतो. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. ग्रामपंचायतींसाठी २९ आणि शहरांसाठी १८ विषयांची यादीच राज्यघटनेत आली. पाणी, रस्ते, दिवे, कचरा त्यात आहे. २०२२ मध्ये मुंबईसह राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. वर्षानुवर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. लाखो लोकांना नगरसेवकच नव्हता. मला सर्वांत जास्त लागलं ते याचं की, माझ्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

महापालिकेच्या मतदानाला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात अनेक जागा असतात: अ, ब, क, ड. चार जागा असतील तर चार मतं द्यायची असतात. लोक ओळखीच्या चिन्हाचं एक बटण दाबून निघतात, मत पूर्ण झाल्याचा मशीनचा आवाज होत नाही, आणि केंद्राध्यक्षाला त्यांना हाक मारून परत बोलवावं लागतं. शिवाय विधानसभेचीच यादी प्रभागांत तोडली जाते, त्यात कधी कधी सबंध सोसायटी शेजारच्या प्रभागात जाते. प्रारूप प्रभाग यादीवर हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात. तेवढे दिवस जागं राहायचं.

गावात राहत असाल तर तुमच्या हातात शहरातल्या माणसापेक्षा जास्त आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि तिचा गणपूर्तीचा, म्हणजे किमान हजेरीचा, आकडा मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो कमी तो. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसं जमली की सभा कायदेशीर. विधानसभेच्या मतदारसंघात तुम्ही तीन लाखांतले एक असता, ग्रामसभेत शंभरातले एक. आणि शंभरही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते आणि दहा-पंधरा माणसांच्या सह्यांवर ठराव जातात. गावचा विकास आराखडा, लाभार्थ्यांची यादी, कामांचा क्रम त्यात ठरतो. पुढे वर्षभर पारावर बसून त्या यादीला शिव्या द्यायच्या, हा आपला नेम.

ज्यांनी ही ताकद ओळखली त्यांची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं घ्यायचा, त्यासाठी सभा दहा वेळा भरवावी लागली तरी चालेल. २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तो मिळवताना कागद त्यांनी स्वतः अभ्यासले होते. हिवरे बाजारची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले हे सगळे सांगतात, पण शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हे बंधन गावातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं स्वतःवर घातलं आणि पाळलं, हे कमी सांगितलं जातं. सरपंच चांगला होता म्हणून गाव बदललं असं म्हणणं सोयीचं असतं, कारण मग आपल्याला फक्त चांगल्या सरपंचाची वाट बघायची उरते.

शहरात क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे, पण ती भरलेली मी तरी पाहिली नाही. म्हणून इथे कागदाचा रस्ता धरावा लागतो. आमच्या प्रभागातला एक रस्ता डांबरीकरणानंतर पहिल्याच पावसात उखडला. व्हॉट्सॲपवर महिनाभर फोटो आणि संताप. मी माहिती अधिकारात अर्ज केला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, असे महाराष्ट्राचे नियम आहेत. मी 'रस्ता खराब का झाला?' असं विचारलं नाही. 'का' विचारलं की उत्तर टोलवलं जातं. मी कागद मागितले: कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाच्या (झालेलं काम मोजून ज्यात नोंदवतात त्या वहीच्या) त्या कामाच्या पानांची प्रत आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदार जबाबदार राहण्याची मुदत, किती आहे त्याची निविदेतली अट. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक असतं, मला अपील करून अडीच महिन्यांनी मिळालं. त्यात लिहिलेलं होतं की त्या रस्त्याची दुरुस्ती तीन वर्षं ठेकेदारानं स्वखर्चानं करायची आहे. ते पान जोडून प्रभाग कार्यालयात अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. रस्ता दुरुस्त झाला. महापालिकेला वेगळा खर्च आला नाही.

सगळं असंच होतं असं समजू नका. आमच्या मागच्या दोन गल्ल्यांना पाण्याचा दाब कमी आहे. त्यासाठी आम्ही चार वर्षं लिहितोय, जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारी ऐकण्यासाठी होणाऱ्या लोकशाही दिनालाही जाऊन आलो. अजून सुटलेलं नाही. जलवाहिनी बदलावी लागेल, तिचा खर्च मोठा आहे आणि तो अंदाजपत्रकात दोनदा येऊन दोनदा गळला. अंदाजपत्रक हा शब्द इथे महत्त्वाचा. शहराचं पुढच्या वर्षाचं काम मार्चमध्ये मंजूर होतं, पण कामांच्या याद्या त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यानंतर बनायला लागतात. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांनी अर्ज भरून कामं सुचवण्याची पद्धत आहे. तुमच्या शहरात तसं नसेल तरी प्रभाग कार्यालयातल्या अभियंत्याला ऑक्टोबरमध्ये भेटलेला माणूस एप्रिलमध्ये तक्रार करणाऱ्या पन्नास जणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

स्वतःच्या जबाबदारीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून एक प्रसंग सांगतो. एका माजी नगरसेवकाशी माझं बरंच बोलणं व्हायचं. मी त्याला विचारलं, 'पाच वर्षांत लोक तुझ्याकडे काय काय घेऊन आले?' तो म्हणाला, 'दाखला, शाळेतला प्रवेश, नो पार्किंगमधून उचललेली गाडी, लग्नासाठी हॉल, अनधिकृत गॅलरीची नोटीस थांबवायची विनंती. सर, अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाला किती आले, हे विचारायला पाच वर्षांत एकही माणूस आला नाही.' मी घरी आल्यावर बराच वेळ गप्प होतो, कारण मीही त्याच्याकडे एकदा पुतण्याच्या प्रवेशासाठी गेलो होतो. आपण लोकप्रतिनिधीकडे नियमाला अपवाद मागायला जातो, तो अपवाद करून देतो, आणि त्या उपकाराच्या बदल्यात आपण त्याला सार्वजनिक कामाचा जाब विचारायचा हक्क सोडून देतो. त्यानंतर मी वैयक्तिक काम घेऊन कुणाकडेही गेलो नाही. काही कामं अडली, दाखल्यासाठी रांगेत उभा राहिलो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, दाखल्याला किती दिवस लागतील ते त्यात ठरलेलं असतं, उशीर झाला तर अपील करता येतं. ओळखीची गरज खरं तर बरीच कमी झालीय, सवय गेलेली नाही.

कचरा वेगळा करणं, मालमत्ता कर वेळेवर भरणं, सिग्नल पाळणं यावर मी लांबण लावत नाही. ते तुम्ही करत असाल असं धरून चालतो. मतदान मूलभूत कर्तव्यांच्या यादीत, म्हणजे कलम ५१ क मध्ये, नाही, हे बरेच जण मला ऐकवतात. खरं आहे, नाही. कायद्यानं ते सक्तीचं केलेलं नाही. १९१९ साली मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकर आणि विठ्ठल रामजी शिंदे यांना अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष द्यावी लागली. त्या काळी शेतसारा, मालमत्ता, शिक्षण यांवर मत ठरायचं. तुमच्या पणजोबांना बहुधा ते नव्हतंच. जे मिळवायला एवढं लागलं त्याची सक्ती करायला नको, असं मला वाटतं, पण ते टाकून देणं मला सहन होत नाही.

आणि 'एकट्यानं' हा शब्द सोडा. मोर्चा काढायला सांगत नाही. आमचा गट पाच जणांचा आहे. एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, एक गृहिणी जी सगळ्या कागदांची फाइल सांभाळते, एक कॉलेजचा मुलगा आणि एक दुकानदार. पाचवा मी. महिन्याला एक रविवार, दोन तास. एका वेळी एकच काम घेतो, ते संपल्याशिवाय किंवा हात टेकल्याशिवाय दुसरं घेत नाही. पक्षाचं बोलणं तिथे करत नाही, कारण आम्ही पाचही जण वेगवेगळ्या पक्षांना मत देतो.

तुम्ही या आठवड्यात निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० या मदत क्रमांकावर फोन करून यादीतलं आपलं आणि घरच्यांचं नाव तपासा, केंद्र कोणतं तेही बघा. मग रस्ता आणि पाणी यांपैकी एकच निवडा. मी तुमच्या जागी असतो तर रस्ता निवडला असता, पाण्याला फार वर्षं लागतात. शेवटचं डांबरीकरण कधी झालं ते शेजाऱ्यांना विचारून तारीख लिहून ठेवा आणि माहिती अधिकाराच्या अर्जाच्या दोन प्रती काढा. महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याचा शासनाचा आदेश आहे, त्या वेळेत गेलात तर अर्ज करण्याआधीच मोजमाप पुस्तक बघायला मिळू शकतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.